सातव्या इनिंगचा माणूस

२७ ऑक्टोबर २०२०, आर्लिंग्टन, टेक्सास. अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, म्हणजे वर्ल्ड सिरीजचा, सहावा सामना, सहावी इनिंग, एक आऊट. टॅम्पा बे रेज १-० ने पुढे. माऊंडवर, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, रेजचा पिचर ब्लेक स्नेल. ७३ चेंडू टाकून झालेत, ९ स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइक होऊन बाद), एकही वॉक (चार बॉल पडून फुकट मिळालेला पहिला बेस) नाही, आणि ऑस्टिन बार्न्सने आत्ताच मारलेला सिंगल धरून एकूण दोन हिट. पुढे डॉजर्सचे पहिले तीन बॅटर आहेत: मूकी बेट्स, कोरी सीगर, जस्टिन टर्नर. तिघे मिळून त्या रात्री सहा वेळा स्नेलसमोर उभे राहिले होते आणि सहाही वेळा स्ट्राइकआऊट होऊन परतले होते. तरी मॅनेजर केविन कॅश डगआऊटमधून बाहेर आला आणि त्याने स्नेलच्या हातातून चेंडू काढून घेतला. बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर बसतात तिथून, आला निक अँडरसन.

बेट्सने डबल, म्हणजे दोन बेसचा फटका, मारला, बार्न्स तिसऱ्या बेसवर. मग वाइल्ड पिच, म्हणजे कॅचरला न अडवता आलेला चेंडू, बार्न्स घरी, १-१. सीगरचा सरपटी फटका पहिल्या बेसकडे गेला आणि थ्रो होम प्लेटवर पोचायच्या आत बेट्स घरात. २-१. आठव्या इनिंगमध्ये बेट्सच्याच होमरनने ३-१ झालं आणि डॉजर्स जगज्जेते ठरले.

स्नेलला काढलं म्हणून कॅशला त्या रात्रीपासून आजपर्यंत शिव्या बसताहेत. मला काढण्यात तितकं वावगं दिसत नाही. एकाच पिचरला तिसऱ्यांदा पाहणारा बॅटर आधीपेक्षा जास्त धोकादायक असतो, ही जुनी आणि तपासून पाहिलेली गोष्ट आहे, आणि रेजचा संघ तिच्यावरच तिथवर आला होता. खटकतं ते हे की आणला कोणाला. त्या मोसमात अँडरसनची कामगिरी थक्क करणारी होती: १६⅓ इनिंग, २६ स्ट्राइकआऊट, ३ वॉक, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) ०.५५. आदल्या वर्षी मायामीकडून आल्यावर रेजसाठी २१⅓ इनिंगमध्ये ४१ स्ट्राइकआऊट आणि फक्त २ वॉक. भरवशाचा म्हणावा तो हाच. पण त्या संध्याकाळच्या आधी सलग सहा वेळा मैदानात उतरून त्याने प्रत्येक वेळी किमान एक धाव दिली होती. भरवशाच्या म्हशीला टोणगा होणार हे निदान दोन आठवडे दिसत होतं.

आता मधल्या इनिंगमध्ये आणलेल्या पिचरवरचा, म्हणजे मिडल रिलीव्हरवरचा, हा भरवसा बनतो कशाचा, आणि इतक्या लवकर का नासतो, ते पाहू.

क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला यातली पहिली गोष्ट डोक्यात बसवून घ्यावी लागते. बेसबॉलमध्ये बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. आपल्याकडे कर्णधार एका गोलंदाजाला दोन षटकं देतो, मार बसला की बाजूला करतो, चेंडू जुना झाला की पुन्हा बोलावतो. बेसबॉलचा मॅनेजर चेंडू मागून घेतो तेव्हा त्याने तो माणूस त्या रात्रीपुरता खर्च करून टाकलेला असतो. नऊ इनिंग म्हणजे २७ आऊट. सुरुवात करणारा पिचर, म्हणजे स्टार्टर, हल्ली पाच-सहा इनिंग टाकतो. शेवटची नववी इनिंग क्लोजरची, आठवी बहुधा सेटअपवाल्याची. मधे जे उरतं, सहावी-सातवी, कधी पाचवीतला अर्धा भाग, ते मिडल रिलीव्हरचं. २६ जणांच्या संघात जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात, त्यातले पाच स्टार्टर, उरलेले आठ बुलपेनमध्ये. या आठांतले चार-पाच मधल्या कामाचे.

आणि हे चार-पाच येतात कुठून, तर बहुतेक जण स्टार्टर व्हायला निघाले होते आणि जमलं नाही. स्टार्टरला चार प्रकारचे चेंडू लागतात, कारण त्याला तोच बॅटर रात्रीतून तीनदा भेटतो. ज्याला तिसरा चेंडू साधला नाही, किंवा ज्याचा खांदा ९० चेंडूंचा भार पेलत नाही, त्याला बुलपेनमध्ये पाठवतात. तिथे दोन चेंडूंवर भागतं: एक जोरकस फास्टबॉल, एक स्लायडर. एकच इनिंग टाकायची म्हणजे हात राखून ठेवायचं कारण नाही, त्यामुळे वेगही मैल-दोन मैलांनी वाढतो. पूर्वी ९३ मैलांवर मार खाणारा ९४-९५ वर, म्हणजे ताशी १५१-१५३ किलोमीटरवर, अचानक खेळता न येणारा होतो.

याच सोयीत गोम आहे. चार चेंडूंपैकी एक बिघडला तर स्टार्टर उरलेल्या तिनांवर रात्र काढतो. दोनांपैकी एक बिघडला की रिलीव्हरकडे उरतो एक, आणि तो कोणता हे समोरच्या बॅटरला दोन चेंडूंत कळतं.

स्लायडर कसा बिघडतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. तो टाकताना बोटं चेंडूच्या बाहेरच्या कडेवर राहून खाली ओढायची असतात. चेंडू मग फास्टबॉलसारखा निघतो आणि शेवटच्या टप्प्यात आडवा-खाली वळतो. पुढचा खांदा जरा लवकर उघडला की हात मागे राहतो, बोटं चेंडूच्या कडेवरून बाजूला घसरतात, फिरकी पडते पण चावत नाही. चेंडू कमरेच्या उंचीवर, प्लेटच्या मधोमध तरंगत येतो. ६० फूट ६ इंचांवरून निघालेला चेंडू १७ इंच रुंद प्लेटच्या नेमक्या कडेवर पोचवायचा, तेव्हा सुटताना बोटांत झालेला फरक डोळ्याला दिसण्याइतकाही नसतो. तोच तिथे पोचेपर्यंत वीतभर होतो. दमलेल्या हाताला हे आधी होतं. पिचर मग स्लायडरवरचा विश्वास गमावतो, बॉल-स्ट्राइकच्या मोजणीत २-० किंवा ३-१ असा मागे पडतो, आणि स्ट्राइक हवीच म्हणून फास्टबॉल मध्यावर ठेवतो. दुसऱ्या दिवशी लोक म्हणतात याचा फास्टबॉल मारला. मारला खरा, पण बिघाड तीन चेंडू आधीच्या स्लायडरमध्ये होता.

मग येते हिशेबाची वही, आणि मिडल रिलीव्हरच्या बाबतीत ही वही दोन्ही बाजूंनी खोटं बोलते.

ईआरए म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे आलेल्या सोडून पिचरच्या नावावर पडलेल्या धावा, भागिले इनिंग, गुणिले नऊ. नियम असा की बेसवर असलेला रनर ज्याने चढवला, धाव त्याच्या नावावर. त्या सहाव्या सामन्यातली बरोबरीची धाव वहीत स्नेलच्या नावावर आहे. वाइल्ड पिच अँडरसनचा, धाव स्नेलची. मिडल रिलीव्हर नेहमी असाच, दुसऱ्याने केलेल्या पसाऱ्यात येतो. दोन रनर बेसवर, एक आऊट. दोन्ही आत सोडून स्वतः कोरडा राहिला तर त्याचा ईआरए झळाळतो. उलट त्याने स्वतः दोन चढवले, दोन आऊट काढले आणि नंतर आलेल्याने ते घरी येऊ दिले तर फुटला तो. वारशाने मिळालेल्या रनरपैकी साधारण तिसरा हिस्सा घरी येतो. हा आकडा ईआरएच्या शेजारी ठेवून वाचावा, पण तोही जपून. तिसऱ्या बेसवर एकही आऊट नसताना मिळालेला रनर बहुधा येतोच. पहिल्या बेसवर, दोन आऊट झालेले असताना मिळालेला क्वचित. दोघांना एकाच मापाने मोजलं तर हिशेब फसतो.

सेव्ह, म्हणजे थोडक्या आघाडीचा सामना शेवटपर्यंत राखल्याची नोंद, हा तर निव्वळ विनोद. १९६९ पासून अधिकृत झालेला हा आकडा विजयी संघाकडून शेवटचा आऊट घेणाऱ्यालाच मिळतो. सातव्या इनिंगच्या माणसाला शेवटचा आऊट क्वचितच मिळतो. पण ३-२ अशी आघाडी असताना तो सातव्या इनिंगमध्ये आला आणि बरोबरी झाली, तर त्याच्या नावावर सेव्ह वाया घालवल्याची नोंद मात्र होते. जी गोष्ट त्याला मिळणारच नव्हती ती त्याने गमावली. पुढच्या अर्ध्या इनिंगमध्ये त्याच्याच संघाने पुन्हा आघाडी घेतली आणि टिकवली तर विजयी पिचर म्हणून बहुधा त्याचंच नाव लागतं, म्हणजे आघाडी घालवणारा विजेता. त्यावर तोडगा म्हणून १९८६ साली होल्ड नावाचा आकडा निघाला: सेव्हच्या परिस्थितीत या, किमान एक आऊट घ्या, आघाडी शाबूत ठेवून जा. यातही एक आऊट घेऊन, तिन्ही बेस भरून माणूस बाहेर गेला, नंतर सामना हरला, तरी होल्ड त्याचा पक्का. होल्डच्या यादीवरून भरवसा ठरवणाऱ्याने हे आधी वाचावं.

पण नोंदी उद्या सुधारल्या तरी मूळ अडचण राहतेच. ती आहे इनिंगच्या संख्येत. मिडल रिलीव्हर मोसमात ६०-६५ इनिंग टाकतो. १६२ सामन्यांच्या मोसमात स्टार्टर १६०-१८०. ६५ इनिंगमध्ये ३.५० ईआरए म्हणजे २५ धावा. ४.५० म्हणजे साधारण ३२. सात धावांचा फरक, आणि सात धावा म्हणजे फार तर दोन रात्री. असं धरा की एकाने ६४ इनिंगमध्ये १६ धावा दिल्या, ईआरए २.२५. उरलेल्या एका इनिंगएवढ्या कामात, तीन वेगवेगळ्या रात्री मिळून, दहा. एकूण ६५ इनिंग, २६ धावा, ईआरए ३.६०. पहिला आकडा असलेल्याला संघ तीन वर्षांचा करार देतात, दुसऱ्याला हिवाळ्यात फोन येत नाही. माणूस एकच.

यात नशिबाचा भाग किती हेही मोजता येतं. बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी साधारण ३० टक्के हिट होतात, आणि त्यावर पिचरचा ताबा वाटतो त्याहून खूपच कमी असतो. २००१ साली व्होरोस मॅक्रॅकनने हे मांडलं तेव्हा जाणत्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. आता थोड्या दुरुस्त्यांसह ते सगळे मानतात. आपल्या माणसाचे ६५ इनिंगमध्ये असे चेंडू पडतात १७५ च्या आसपास. ३० टक्के म्हणजे ५२ हिट. २६ टक्के म्हणजे ४५, ३४ टक्के म्हणजे ६०. सहा महिन्यांच्या मोसमात सात-आठ हिट इकडे किंवा तिकडे, म्हणजे महिन्याला एखादा चेंडू शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हऐवजी दोन हात बाजूने गेला. एवढ्यावर कोणाच्या मनगटात दम आहे आणि कोण दडपणाखाली मोडतो याच्या कथा रचल्या जातात.

दडपण खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण दडपणाखाली मोडणारा माणूस ओळखायला जेवढे सामने लागतात तेवढे होईपर्यंत तो बहुधा संघात राहिलेला नसतो.

मग बघायचं काय? स्ट्राइकआऊट आणि वॉक, आणि तेही इनिंगमागे न मोजता बॅटरमागे. समोर आलेल्या शंभर बॅटरपैकी किती स्ट्राइकआऊट, त्यातून वॉक वजा. २० च्या वर असेल तर हात चांगला, १० च्या खाली असेल तर ईआरए काहीही सांगो, माणूस उधारीवर जगतोय. स्ट्राइकआऊटचं प्रमाण ७० बॅटरच्या आसपास बऱ्यापैकी स्थिरावतं, म्हणजे मिडल रिलीव्हरच्या बाबतीत मे महिन्यापर्यंत. वॉकला १७०-एक बॅटर लागतात. होमरनचं प्रमाण स्थिरावायला हजाराच्या वर, म्हणजे चार-पाच मोसम. म्हणून ‘हा होमरन देत नाही’ हे वाक्य रिलीव्हरबद्दल ऐकलं की मी दुर्लक्ष करतो. त्यानंतर वेग. एप्रिलमध्ये ९६, जुलैत ९४.५ झाला तर ईआरए अजून सुंदर असला तरी बातमी वाईट आहे. आणि पहिला चेंडू स्ट्राइक पडतो का. दोनच चेंडू असलेल्या माणसाला १-० ने मागे पडणं परवडत नाही.

डावखुऱ्या बॅटरसमोर तो काय करतो हे २०२० नंतर विशेष पाहायला हवं. तोवर मॅनेजर एका बॅटरपुरता माणूस आणून लगेच काढू शकत असे. डावखुऱ्या पिचरने फक्त डावखुऱ्या बॅटरला चेंडू टाकायचा, चार चेंडूंत काम संपवून जायचं, असे लोक पंधरा-पंधरा वर्षं पोट भरून गेले. आता आलेल्या पिचरने किमान तीन बॅटर खेळवायचे किंवा इनिंग संपवायची. उजव्या हाताचा स्लायडर उजव्या बॅटरपासून दूर पळतो आणि डावखुऱ्याच्या बॅटच्या वाटेत येतो. चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखा भासणारा पण हळू येणारा चेंडू, नसलेला माणूस पूर्वी लपवता यायचा. आता समोरचा मॅनेजर त्याला हुडकून दोन डावखुरे त्याच्यापुढे उभे करतो.

बुलपेनमधला एक खर्च मात्र कोणत्याच स्कोअरकार्डात उमटत नाही. फोन वाजतो, कोच नाव घेतो, माणूस उठून पंधरा-वीस चेंडू टाकून हात गरम करतो. इतक्यात स्टार्टरला डबल प्ले (एकाच फटक्यावर दोन आऊट) मिळते, इनिंग संपते, फोनवर निरोप येतो: बस. पुढच्या इनिंगला पुन्हा ऊठ. पुन्हा बस. वहीत त्या रात्री त्याच्या नावापुढे काही नाही, पण हातातून ३५ चेंडू गेलेत, त्यातले निम्मे पुऱ्या जोराचे. दुसऱ्या दिवशी समालोचक सांगतो, ‘काल त्याला विश्रांती होती.’ शहाणा कोच हे ‘उठणं’ स्वतःच्या कागदावर टिपून ठेवतो आणि दोनदा उठून बसलेल्याला त्या दिवशी टाकलेलाच समजतो. तीस चेंडू टाकले तर उद्या सुट्टी, सलग दोन दिवस टाकलं तर तिसऱ्या दिवशी शक्यतो नाही, एवढं बहुतेक संघ पाळतात. ऑक्टोबरमध्ये मात्र हे सगळं खुंटीला टांगलं जातं. साठच सामन्यांच्या त्या २०२० च्या मोसमात अँडरसनने १६⅓ इनिंग टाकल्या होत्या, ऑगस्टमध्ये हाताच्या दुखण्याने बाहेरही बसला होता. मग एका महिन्याच्या प्लेऑफमध्ये त्याच्याकडून काढून घेतल्या १४⅔. पुढच्या मार्चमध्ये त्याच्या कोपराचा लिगामेंट अंशतः फाटल्याचं निघालं.

कोणी म्हणेल, कॅन्सस सिटीचं काय? २०१४ चे रॉयल्स. सातवी केल्विन हेरेरा, आठवी वेड डेव्हिस, नववी ग्रेग हॉलंड. ईआरए अनुक्रमे १.४१, १.००, १.४४. सहा इनिंगनंतर आघाडी असली की समोरच्यांनी बॅगा भरायला घ्याव्यात. डेव्हिस आदल्या वर्षी स्टार्टर म्हणून पाचाच्या वर ईआरए घेऊन फसला होता. बुलपेनमध्ये आला आणि ७२ इनिंगमध्ये एकही होमरन दिला नाही. त्या संघाने सगळ्यांना वेड लावलं. पण पुढचं पाहा. २०१५ चा सप्टेंबर संपेपर्यंत हॉलंडचं कोपर गेलं. रॉयल्सने त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली ती डेव्हिस नवव्या इनिंगवर सरकला म्हणून, आणि त्याच्या जागी सरकायला मागे माणसं होती म्हणून. डेव्हिसला पुढे कोलोरॅडोने तीन वर्षांसाठी ५.२ कोटी डॉलर दिले. दुसऱ्या वर्षी, २०१९ मध्ये, त्याचा ईआरए होता ८.६५.

मारियानो रिव्हेराचं नाव इथे हमखास काढलं जातं. १९९६ साली, क्लोजर व्हायच्या आधी, त्याने क्लोजर जॉन वेटलँडच्या आधीच्या इनिंग सांभाळत १०७⅔ इनिंग टाकल्या, ईआरए २.०९, आणि सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तिसरा आला. बरोबर. एवढ्या वर्षांत असा एकच निघाला.

गणित साधं आहे. उत्तम रिलीव्हर दहातल्या आठ इनिंग कोऱ्या टाकतो असं धरा. असे तिघे एकामागून एक आणले तर तिघेही कोरे जाण्याची शक्यता ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ५१ टक्के. निम्म्या रात्री कुठेतरी गळणारच. म्हणून ‘आमचं बुलपेन साथ सोडतं’ ही ओरड प्रत्येक शहरात, प्रत्येक वर्षी असते. आणि म्हणूनच चौथा माणूस आणायची वेळ न येणं हे मॅनेजरच्या हातातलं सगळ्यात मोठं काम. प्रत्येक इनिंगला नवा माणूस आणणारा मॅनेजर प्रत्येक वेळी नव्याने फासे टाकत असतो: आजचा दिवस वाईट असलेला कोण, ते चेंडू हातात दिल्याशिवाय कळत नाही. आज जो बरा टाकतोय, १२ चेंडूंत इनिंग संपवली, त्याला दुसरी इनिंग देणं बहुधा शहाणपणाचं. फक्त तो उद्या मिळणार नाही.

मोठ्या लढाईत सहाव्या इनिंगची किंमत नवव्याहून जास्त असू शकते, हे २०१६ च्या क्लीव्हलँडने दाखवलं. टेरी फ्रँकोनाने अँड्र्यू मिलरला नववीसाठी राखून न ठेवता पाचव्या-सहाव्या इनिंगमध्ये, जिथे सामना अडलाय तिथे उतरवलं. लीगच्या अंतिम मालिकेत ७⅔ इनिंग, १४ स्ट्राइकआऊट, शून्य धावा, मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू. ऑक्टोबरमध्ये, मधे विश्रांतीचे दिवस असताना हे चालतं. एप्रिलपासून सुरू केलं तर जूनपर्यंत हात संपेल.

रेजचा रोजचा मार्ग वेगळा होता आणि मला तोच जास्त प्रामाणिक वाटतो. २०२० च्या त्या साठ सामन्यांत त्यांच्या १२ वेगवेगळ्या पिचरनी सेव्ह घेतल्या. एकावरही टेकायचं नाही. कोणी वरून हात टाकणारा, कोणी बाजूने, कोणी जवळजवळ जमिनीलगत, म्हणजे बॅटरच्या डोळ्याला दर इनिंगला नवा कोन. ज्यांना खाली मायनर लीगमध्ये पाठवता येतं अशा दोघा-तिघांना सतत वर-खाली फिरवायचं, ताजा हात वर, दमलेला खाली. आता एका खेळाडूला मोसमात पाचदाच खाली धाडता येतं आणि पिचर खाली गेला की एरवी १५ दिवस तिथेच राहतो, त्यामुळे ही फिरवाफिरवी बेताने करावी लागते. त्या पोरांच्या जगण्याचं काय होतं, भाड्याची खोली कुठल्या गावात घ्यायची, हा वेगळाच विषय.

सगळ्यांत वाटून घेतलेला भरवसा असा साठ सामने चालला, आणि सहाव्या सामन्याच्या सहाव्या इनिंगमध्ये, बुलपेनमधला कोण आज ताजा आहे हे पाहायच्या वेळी, कॅशने सप्टेंबरपर्यंतचा ०.५५ पाहिला. पुढच्या वेळी सामना बघाल तेव्हा सहाव्या इनिंगपासून एक नजर बुलपेनकडे ठेवा. कोण उठलाय, कितव्यांदा उठलाय, काल-परवा टाकलं होतं का. आणि माऊंडवर आल्यावर त्याचा पहिला स्लायडर गुडघ्यापाशी पडतो की कमरेशी.